देवराव इंजिनवाले आणि सव्वापाचचा भोंगा

दिग्रसच्या आमच्या जिनाचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा ज्यांनी ऐकलेला नाही, त्यांना आवाज ही काय चीज असते ते कळलेलंच नाही, असं माझं मत आहे आणि ते मी कोणाच्याही भिडेखातर बदलणार नाही. तो वाजला की पुसदच्या रस्त्याला चार कोसांवर चरणाऱ्या म्हशी उभ्या जागी पान्हा सोडत. गावातल्या एका ठार बहिऱ्या आजोबांनी भोंगा वाजत असताना मान वर करून "कोण कुजबुजून राह्यलं बे?" असं विचारलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. खोटं वाटत असेल तर आजोबांना विचारा. ते आता नाहीत, ही गोष्ट वेगळी.

या भोंग्याची दोरी ज्यांच्या हातात होती ते देवराव इंजिनवाले. मी त्याच जिनात बाबू होतो. माझ्या टेबलासमोरची खिडकी इंजिनघरावर उघडायची, त्यामुळे कापसाच्या हंगामात मी बायकोचं तोंड कमी आणि देवरावांचं जास्त पाहिलं. अंगानं ते इतके सडसडीत, की इंजिनाच्या पट्ट्याजवळ उभे राहिले की पट्टा कोणता आणि देवराव कोणते हे मिशीवरून ओळखावं लागे. खाकी कपडे तेलानं एवढे मुरलेले, की रात्री काढून ठेवले तर खुंटीची गरज पडत नसे, आपापले उभे राहत. आणि सदऱ्याच्या खिशात सुतळीनं बांधलेलं एक घड्याळ. त्या घड्याळाला विचारल्याशिवाय दिग्रसमध्ये सूर्य उगवत नसे. सकाळचा, दुपारचा आणि संध्याकाळी सहाचा, असे भोंगे देवराव त्याच्यावर वाजवत. मालकाचं लग्न असो की मालकाचा बाप मरो, एक क्षण इकडचा तिकडं होत नसे. त्यांच्या हाताखाली बॉयलरमध्ये लाकडं घालायला रहीमखान म्हणून एक पहिलवानासारखा गडी होता. त्याची रोज एकदा दोरीला हात लावायची इच्छा व्हायची आणि देवराव रोज एकदा सांगत, "रहीम, माझ्या जिवाले हात लाव, पण या दोरीले नको लावू."

देवराव देव मानत नसत. आता देव न मानणारे गावात आणखीही दोघं-चौघं होते, पण ते घरची मंडळी झोपल्यावर मानत नसत. देवराव भर चौकात मानत नसत. कोणी काहीही सांगितलं, भुताचं, देवाचं, साडेसातीचं, की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं, "काटा दाखवा."

मी पहिल्यांदा विचारलं, "कसला काटा?"

तेव्हा त्यांनी मला हाताला धरून बॉयलरपाशी नेलं. "हे पाहा बाबू. आतमध्ये वाफ हाये. दिसते का? नाही दिसत. मंग हाये कशावरून? हा काटा सांगते. दाब चढला का काटा चढते, उतरला का उतरते. तुमच्या देवाले असा एक काटा बसवून आणा. चढताना दिसला, त उद्यापासून मी घंटी वाजवतो."

दसऱ्याला मजुरांनी इंजिनावर नारळ फोडायचा आग्रह धरला, तर देवरावांनी बाहेर एक दगड मांडून दिला. "ओतीव लोखंड हाये, तडकते. इथं फोडा." नारळ फुटल्यावर सगळ्यात मोठं खोबरं त्यांनीच उचललं. कोणीतरी म्हणालं, "देवरावजी, हा त प्रसाद झाला." ते चावता चावता म्हणाले, "मले खोबऱ्यासारखा लागून राह्यला."

आणि तरीही गंमत अशी, की गावातली निम्मी लग्नं या नास्तिकाच्या हातून लागत. कशी ते सांगतो.

घड्याळं तेव्हा गावात थोडी, आणि होती त्यांचं आपापसात पटत नसे. म्हणून आमचे गोविंदभटजी गोरज मुहूर्ताचं गणित भोंग्यावर बसवत. "सहाचा भोंगा झाला की अमुक अष्टकं, मग अक्षता," असं घरोघर सांगून ठेवत. एका फाल्गुनात, भर लग्नसराईत, जिनाचा मोठा पट्टा तुटला. देवराव पट्टा सांधण्यात गढले. बॉयलरची वाफ उतरली आणि भोंगा सूर्य बुडून अंधार पडायला लागल्यावर वाजला. गावात त्या दिवशी पाच लग्नं. पाचही ठिकाणी नवरानवरी अंतरपाटाच्या अल्याडपल्याड उभी आणि भोंगा नाही! एका मांडवात मंगलाष्टकं संपली, मग आरत्या झाल्या, मग तिथल्या मास्तरांनी शार्दूलविक्रीडिताच्या चालीवर बेपासून पाढे म्हणायला घेतले. सत्तावीसपर्यंत पोचले होते म्हणतात. मला स्वतःला एकोणीसच आठवतो.

दुसऱ्या दिवशी भटजी तणतणत इंजिनघरात आले. "देवराव, पाच लग्नांचा मुहूर्त बुडवला तुम्ही!"

"मुहूर्त बुडाला. ते पाची बुडाले का?"

"आज नाही, पुढं कळेल."

"मंग पुढच्या फाल्गुनात या. काटा पाहू."

पुढच्या फाल्गुनात देवराव खरंच पाचही घरी जाऊन आले आणि भटजींना रस्त्यात गाठून म्हणाले, "भटजी, पाचीच्या पाची घरी पाळणा हाये. एका घरी त जुळे. जरा उशिरानं वाफ चांगली धरते असं दिसून राह्यलं." भटजी हसले. हसण्याच्या बाबतीत ते धार्मिक नव्हते. दोघांनी हॉटेलात एकाच कपातला चहा अर्धा अर्धा, देवरावांनी बशीतून आणि भटजींनी कपातून, संपवला.

असा हा माणूस पस्तिशीपर्यंत बिनलग्नाचा राहिला. माय अन्सूयाबाई, सारं गाव तिला अन्सूयामाय म्हणे. तिनं मुली दाखवून दाखवून दिग्रसपासून दारव्ह्यापर्यंतच्या साऱ्या पंचक्रोशीतल्या मुली संपवल्या. देवरावांचं म्हणणं एकच. मी लग्न करीन, पण ज्या गोष्टीवर माझा विश्वास नाही तिला साक्षी ठेवून करणार नाही. "खोटी साक्ष देणं गुन्हा हाये, माय. मंग खोटी साक्ष घेणं गुन्हा नाही का?"

मग एका हिवाळ्यात पट्ट्यानं त्यांचा तळहात फाडला. मी आणि रहीमनं त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं नर्स होती सुमन. गावचीच, सखारामजी मिस्त्रींची लेक, नागपूरला शिकून आलेली. सखारामजी गवंडी. आमच्या इंजिनाखालचा पाया त्यांनीच बांधलेला. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरातले जुने देव नदीला नेऊन सोडले होते आणि त्या कोनाड्यात बुद्धाची तसबीर बसवली होती.

सुमननं सुई हातात घेतली. "देवाचं नाव घ्या अन् डोळे मिटा. टाके घालतो."

"देवाचं नाव मी घेत नसतो."

"मंग ज्याच्यावर भरोसा असन त्याचं घ्या."

"तुमचं घेतो."

"माहीत हाये का माझं नाव?"

देवराव अडले. "नाही," ते म्हणाले.

"मंग गुपचाप बसा," सुमन म्हणाली आणि टाका घातला.

नाव त्यांना त्याच संध्याकाळी कळलं, मीच सांगितलं. पण ते त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. सगळ्या गावासमोर देवाला आव्हान देणारे देवराव तिला हाक मारायची वेळ आली की बैलाला पाणी दाखवल्यासारखं नुसतं "हे... नर्सबाई" करत. जखम भरली, तिच्यावर केस उगवले, तरी ते पट्टी बदलायला जात. शेवटी सुमननंच विचारलं, "देवरावजी, हात बरा हाये. आता काय दुखते?"

ते म्हणाले, "लग्न कराल का?"

ती म्हणाली, "एवढ्यासाठी माझ्या किती पट्ट्या वाया घालवल्या तुमी!"

हे गावात फुटलं तेव्हा जो गलबला झाला, त्यापुढं भोंगा म्हणजे पिपाणी. देवरावांचं देव न मानणं गावानं हसत हसत चालवून घेतलं होतं. जात न मानणं गाव चालवून घेईना. एक चुलते तर त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. त्यांचं बोलणं पूर्वीही कोणी ऐकत नव्हतं, त्यामुळे हे लक्षात यायला थोडे दिवस गेले.

देवरावांनी ठरवलं रजिस्टर लग्न. यवतमाळला सरकारी साहेबासमोर, ना भट ना भंते. पण ही बातमी घेऊन ते सखारामजींकडे गेले, तेव्हा मी बरोबर होतो. सखारामजींनी पाणी दिलं आणि आपली चुन्यानं उललेली बोटं चोळत ते समोर बसले.

"देवरावजी," ते म्हणाले, "तुमच्यापाशी तेहतीस कोटी होते. तुमाले सोडणं सोपं गेलं. आमाले त आता कुठं आमचा मार्ग भेटला. माझ्या पोरीच्या लग्नात त्रिशरण नाही म्हणायचं?"

देवरावांच्या ओठावर "काटा दाखवा" आलेलं मला दिसलं, आणि त्यांनी ते गिळलेलंही दिसलं. त्या माणसाला असं काही गिळताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिढा सुटला तो सुमनमुळं. "बाबा, लग्न कायद्यानं. मंग घरी येऊन तुमी त्रिशरण म्हणा. मी हात जोडीन, मी मानतो. हे नाही मानत, हे नुसते उभे राह्यतीन. उभं राह्याले काय जाते?"

"काही नाही जात," देवराव घाईघाईनं म्हणाले.

राहिली अन्सूयामाय. ती आठवडाभर बोललीच नाही. जातीसाठी गप्प होती की देवासाठी, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. सुमनला ती "ते नर्स" एवढंच म्हणे. रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात. एक मी, दुसरे सखारामजी. तिसरी माय पाहिजे, असा देवरावांनी हट्ट धरला. यवतमाळच्या कचेरीबाहेर साक्षीदार शेंगदाण्यासारखे मिळतात, असं मी सांगून पाहिलं. "मले चोरून लग्न नाही करायचं, बाबू. माय नाही त लग्न नाही."

हे ऐकून सुमन म्हणाली, "थांबतो मी. पण बुढी होईपर्यंत नाही हं."

शेवटी एका संध्याकाळी मायनं तोंड उघडलं. चुलीपुढं बसून, आमच्याकडं पाठ करून ती म्हणाली, "अंतरपाट नाही, अक्षता नाही, सावधान म्हणाले कोणी नाही. मंग ते लग्न झालं हे समजायचं कसं? तूच जगाले सांगत फिरतं ना, काटा दाखवा म्हून? मले लग्नाचा काटा दाखव. मी येतो यवतमाळले. काटा दिसला त अंगठा देतो. नाही दिसला त नाही देत."

आईनं लेकाला त्याच्याच पट्ट्यात अडकवलं होतं. देवराव रात्रभर इंजिनघरात येरझारा घालत होते असं रहीम सांगे. लग्नाचा काटा कुठून आणावा!

मग नोटीस. यवतमाळच्या कचेरीतल्या फळ्यावर ती महिनाभर लागली, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. ते न बोलणारे चुलते मुद्दाम हरकत घ्यायला गेले.

साहेबांनी विचारलं, "मुलाचं आधी लग्न झालेलं आहे का?"

"नाही."

"वयानं लहान आहे?"

"घोडा झाला आहे."

"वेडा आहे?"

"हो!" चुलते आनंदानं म्हणाले.

"पुरावा?"

"देव मानत नाही."

"काका," साहेब म्हणाले, "कायदा त्याला वेड म्हणत नाही." चुलते पुढच्या गाडीनं परतले आणि तेव्हापासून सरकारशीही बोलायचे बंद झाले.

लग्नाच्या सकाळी आम्ही सगळे स्टँडवर जमलो. देवराव धुतलेल्या पांढऱ्या कपड्यात इतके अनोळखी दिसत होते, की कंडक्टरनं त्यांना "कुठले पाहुणे?" असं विचारलं. सुमननं निळं लुगडं नेसलं होतं. सखारामजींच्या रुमालात मोगऱ्याची फुलं होती. मायचा पत्ता नव्हता. गाडीचं इंजिन सुरू झालं, देवरावांचा चेहरा पडला, आणि तेवढ्यात जिनाच्या बाजूच्या गल्लीतून माय झपाझपा येताना दिसली.

"कुठं गेलती माय?"

"काम होतं."

तिच्या पदराच्या टोकाला एक गाठ होती आणि गाठीतून हळदीचा डाग फुटला होता. देवरावांनी तो पाहिला. "माय, तिथं अक्षता चालत नाही."

"मी कुठं चालवतो? बांधल्या हायेत नुसत्या."

बोरीला गाडी चहाला थांबली तेव्हा साऱ्या गाडीला कळलं होतं, की ही बिनादेवाची वरात आहे. उतारूंपैकी कोणाला दाताच्या डॉक्टरकडं जायचं होतं, कोणाला पोरीच्या घरी. यवतमाळला उतरल्यावर सगळे आपापली कामं विसरून आमच्या मागं. एका बाईच्या डोक्यावर कोंबड्यांची पाटी होती, ती पाटीसकट आली. एवढं वऱ्हाड त्या कचेरीनं कधी पाहिलं नसावं. साहेबांनी चष्मा पुसला, परत लावला, आणि कोंबड्या बाहेर ठेवायची विनंती केली.

पहिल्या कागदावर सह्या झाल्या. मायनं विचारलं, "हे कायचं?"

"तुम्ही साक्षीदार म्हणून हजर आहात, याचं."

"हजर त हाओ," म्हणून तिनं तो अंगठा दिला. "पण हा लग्नाचा नाही हं साहेब, पहिलेच सांगतो."

मग साहेब उभे राहिले. "आता वधूवरांनी एकमेकांना साक्षीदारांसमोर सांगायचं. मी अमुक, अमुक यांना कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. मी अमुक, अमुक हिला कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. नावासकट. हे म्हटल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही."

सुमननं ताप किती आहे ते सांगावं तसं स्पष्ट सांगितलं, "मी सुमन, देवराव यांना कायदेशीर पती म्हणून स्वीकारते."

"अगो माय!" कोंबडीवाली बाई दारातून किंचाळली. "सरळच घेतलं वं नाव! उखाणाबी नाही!"

आता देवराव. खाकरले. "मी देवराव..." आणि थांबले.

पुन्हा म्हणाले, "मी देवराव..." आणि थांबले.

इतके दिवस जे नाव घशात अडकलं होतं ते आता सरकारसमोर अडकलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. चौकात देवाला ललकारणारा, म्हशींना पान्हा सोडायला लावणाऱ्या भोंग्याचा मालक, त्याच्या तोंडून एक चिमणीएवढाही आवाज निघेना. कपाळावर घामाचे थेंब. सुमन खाली पाहायला लागली. सखारामजींनी रुमाल घट्ट आवळला. साहेब हळूच म्हणाले, "हे पाहा, तुमची इच्छा नसेल तर..."

"इच्छा नसन कशी?" माय उसळली. "शाळेत कविता म्हणतानाबी असाच अडत होता हा! बोल ना बापा!"

"बाई, तुम्ही मधे सांगू नका."

"मायनं नाही सांगायचं त कोणं सांगायचं? चालणं मी शिकवलं, बोलणं मी शिकवलं, आता हेबी मीच शिकवीन." ती देवरावांसमोर येऊन उभी राहिली. लग्नात नाव घेताना पोर अडली की बायका मागून सांगतात ना, तशी. "सुमन म्हण," ती म्हणाली. "सुमन. सुमन म्हण रे."

"ते नर्स" सोडून मायच्या तोंडून दुसरा शब्द आजवर कोणी ऐकला नव्हता. सुमननं मान वर केली. बाहेर एक कोंबडी ओरडली, पण तिला कोणी गप्प केलं नाही.

"मी देवराव," देवराव म्हणाले, आणि यावेळी खिडक्यांची तावदानं थरथरली, "सुमन हिला कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो!"

"झालं," साहेब म्हणाले. "अभिनंदन."

"झालं? कधी झालं?" माय.

"हे आत्ताच. आता सह्या करा."

"सही त हा बाबूबी करून राह्यला. मंग याचंबी लागलं का लग्न?"

साहेबांना हसू आवरेना. देवराव घाबरून मायकडं पाहत होते. तिनं लेकाच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि ते ओलं बोट आम्हा सगळ्यांना दाखवलं. "बॉयलरपाशी जल्म गेला याचा, पण कधी घामाचा थेंब नाही पाह्यला. आण साहेब तो कागद. दिसला मले काटा."

आणि अंगठा दिला, असा दाबून, की खालच्या टेबलावरही तो उमटला असावा. कोंबडीवालीनं टाळ्या वाजवल्या. मात्र पदराची गाठ मायनं सोडली नाही. मी खुणेनं विचारलं, तर म्हणाली, "सरकारच्या घरी नाही टाकत मी अक्षता. आपल्या गावी टाकीन."

परतीच्या गाडीत देवराव एकदम बोलके झाले. दारव्ह्यापर्यंत त्यांनी "सुमन, पाणी पाह्यजे का," "सुमन, ऊन लागते का," "सुमन, ते पाहा झाड," असं इतक्यांदा म्हटलं, की सुमन म्हणाली, "पुरे, झिजन ते."

दिग्रसच्या स्टँडवर गाडी शिरली. देवराव पहिली पायरी उतरले, आणि भोंगा वाजला.

जिनाचा भोंगा. अवेळी! पाय पायरीवर तसाच ठेवून देवरावांनी खिशातून घड्याळ ओढलं. "सव्वापाच! सव्वापाचले कोणता भोंगा? कोणं हात लावला दोरीले?"

त्याच क्षणी त्यांच्या डोक्यावर पिवळ्या तांदळाचा सडा पडला. माय गाडीच्या दारात उभी राहून मूठमूठ अक्षता उधळत होती, सुमनवर, देवरावांवर, ड्रायव्हरवर, माझ्यावरही. सखारामजींनी रुमाल सोडला आणि दिवसभर सांभाळलेली फुलं लेकीवर टाकली. स्टँडवरच्या टांगेवाल्यांना काय चाललंय ते कळलं नाही, पण अक्षता पडतात तिथं टाळ्या वाजवायच्या हे त्यांना माहीत होतं. त्यांनी वाजवल्या. भोंगा वाजतच होता. रहीमखाननं इतक्या वर्षांची हौस एका दमात फेडून घेतली.

देवराव अक्षता झटकायचं विसरून तडक जिनाकडं निघाले, वरात मागं. "रहीम! किसके हुकुम से बजाया?"

"माँजी के," रहीम म्हणाला. "सवेरे आयी थी. बोली, यष्टी दिखी के डोरी खींच. मैंने कहा, माँजी, देवरावभाऊ मारेंगे. बोली, मारायले आला त माझं नाव सांग."

देवरावांनी मागं वळून पाहिलं. माय पदराची रिकामी गाठ झटकत होती. म्हणजे सकाळी गाडीत बसायच्या आधी, काटा दिसायच्या आधी, तिचा अंगठा ठरलेला होता. बाकी सगळं लेकाला घाम फोडण्यासाठी.

मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. भोंग्याची वेळ चुकवणं म्हणजे त्याच्या लेखी महापाप. पण त्यांनी घड्याळ वर धरलं, कानाला लावलं, आणि ज्या घड्याळाला सूर्य विचारून उगवायचा त्याची किल्ली ओढून काटे पुढं फिरवले. सहावर आणून ठेवले.

"माझंच घड्याळ मांगं पडलं असन," ते म्हणाले. "भोंगा झाला म्हणजे सहा वाजले. सोडा रे सुट्टी."

इतक्यात गोविंदभटजी धोतर सावरत धावत आले. "देवराव! पुन्हा? तिकडं भोंगा ऐकून मी सावधान म्हणून बसलो, लग्न लागलं! आज लवकर!"

"आजचा भोंगा चुकला नाही, भटजी," देवराव म्हणाले. "नेमका होता." मग हसले. "तुमचे नवरानवरी अन् आमी, एकाच भोंग्याचे झालो. चला, चहा घेऊ." पुढं त्या दुसऱ्या जोडप्याचंही उत्तम चाललं, हे मी स्वतः चौकशी करून पाहिलं आहे.

त्याच संध्याकाळी सखारामजींच्या घरी त्रिशरण झालं. सुमननं हात जोडले. देवराव टोपी काढून, हात बांधून, शाळेतल्या मुलासारखे सरळ उभे राहिले. अन्सूयामायला ते शब्द येत नव्हते, पण ओठ तिचेही हलत होते.

नंतर बरीच वर्षं, त्या तारखेला, आमच्या जिनाचा भोंगा सव्वापाचला एकदा वाजे. मालकांनी विचारलं की देवराव सांगत, "वाफ जास्त झालती." मालक काट्याकडं पाहत आणि परत फिरत.

पुढं मी नोकरी बदलून वणीला गेलो. त्यांना शेवटचं पाहिलं ते दिग्रसच्या स्टँडवरच. मी गाडीत खिडकीशी, आणि देवराव खाली, मला पोचवायला आलेले. खांद्यावर त्यांची मुलगी, तिच्या हातात त्यांचं घड्याळ. गाडी हलली, आणि बाजाराच्या त्या टोकाकडून, भाजीवाल्यांच्या गर्दीवरून, सुमनचा आवाज आला, "देवराव! ओ देवराव! पिशवी राह्यली ना भाऊची!"

सगळा बाजार वळून पाहायला लागला. नवऱ्याला अशी भर बाजारात नावानं हाक मारणारी बाई त्या वेळी आख्ख्या दिग्रसमध्ये एकच होती. तिच्यामागं काठी टेकत आलेली अन्सूयामाय कोणा बाईला ठसक्यात सांगताना ऐकू आली, "नाव घेन नाही त काय! सरकारसमोर घेतलं हाये तिनं."

देवराव सुमनच्या हातची पिशवी घेऊन गाडीमागं धावत सुटले, मुलगी खांद्यावर उसळत होती, सुतळीचं घड्याळ हवेत झोके घेत होतं, आणि धावता धावता ते मागं वळून, साऱ्या पंचक्रोशीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"देतो ना सुमन!"